विश्लेषण : वस्तू खराब म्हटली म्हणून ग्राहकालाच दंड? कंपन्या टीका कशी दडपतात?

घरातला मिक्सर बिघडला तर ग्राहक दुकानदाराशी दोन शब्द बोलून मोकळा होतो. छंदापायी वस्तू घेणाऱ्याचे तसे नसते. ड्रोन, कॅमेऱ्याची लेन्स, व्हिडीओ गेम किंवा घर 'स्मार्ट' करणारे एखादे उपकरण घेणारा माणूस त्यातली खोट शोधून काढतो, ती सविस्तर लिहितो आणि पुढचे शंभर जण ती वाचूनच खरेदीचा निर्णय घेतात. त्यामुळे कंपन्यांना सर्वाधिक धास्ती असते ती याच ग्राहकाची. त्याला गप्प करण्यासाठी कंपन्यांनी दंड आकारला, उपकरण बंद केले, स्वामित्व हक्काचा दावा लावला आणि थेट न्यायालयही गाठले, अशी उदाहरणे आहेत. हे नेमके कसे घडते आणि कायदा काय म्हणतो?

साडेतीन हजार डॉलरचा दंड कशासाठी?

'क्लिअरगिअर' ही अमेरिकेतील ऑनलाइन विक्री कंपनी. टेबलावर ठेवायची खेळणी, गमतीदार गॅजेट असा तिचा माल. २००८च्या नाताळाला युटा राज्यातील एका व्यक्तीने पत्नीसाठी या कंपनीकडून भेटवस्तू मागवली. किंमत २० डॉलरपेक्षाही कमी. वस्तू आलीच नाही. पत्नीने पुढच्या वर्षी तक्रारींच्या एका संकेतस्थळावर आपला अनुभव लिहिला आणि विषय तिथेच संपला, असे दोघांना वाटले.

तो संपला नव्हता. २०१२मध्ये कंपनीचा ईमेल आला. ७२ तासांत मजकूर काढा, अन्यथा ३,५०० डॉलर भरा. कारण काय, तर कंपनीच्या विक्रीच्या अटींमध्ये 'बदनामी न करण्याचे' कलम होते. ऑर्डर दिली तेव्हा हे कलम अटींत नव्हतेच, असे या दाम्पत्याचे म्हणणे होते. त्यांनी पैसे भरायला नकार दिला. कंपनीने ही रक्कम थकीत कर्ज म्हणून पतसंस्थांकडे कळवली आणि त्या माणसाची पत खराब झाली. म्हणजे न मिळालेल्या २० डॉलरच्या वस्तूसाठी कर्जाचे दरवाजे बंद होण्याची वेळ! अखेर 'पब्लिक सिटिझन' या ग्राहक संघटनेच्या मदतीने डिसेंबर २०१३मध्ये दाम्पत्याने खटला भरला. कंपनी न्यायालयात हजरच झाली नाही. २०१४मध्ये न्यायालयाने दाम्पत्याला ३,०६,७५० डॉलर देण्याचा आदेश दिला.

मग कायदा बदलला का?

बदलला. कॅलिफोर्नियाने २०१४मध्येच अशा कलमांवर बंदी घातली. डिसेंबर २०१६मध्ये तत्कालीन अध्यक्ष बराक ओबामा यांच्या स्वाक्षरीने 'कन्झ्युमर रिव्ह्यू फेअरनेस अॅक्ट' हा कायदा देशभर लागू झाला. ज्या अटींवर ग्राहकाला घासाघीस करता येत नाही, फक्त 'मान्य आहे'वर क्लिक करावे लागते, अशा छापील करारांना तो लागू होतो. ग्राहकाला अभिप्राय लिहिण्यापासून रोखणारे, लिहिल्यास दंड लावणारे किंवा त्याच्या अभिप्रायाचे हक्क स्वतःकडे घेणारे कलम या कायद्याने निरर्थक ठरते. शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. मजकुराचा हक्कच कंपनीकडे गेला, तर 'आमचा मजकूर आहे' म्हणून तो कुठूनही काढून टाकण्याची मागणी करता येते.

या कायद्याखाली फेडरल ट्रेड कमिशनने (अमेरिकेतील ग्राहकहित पाहणारी यंत्रणा) २०१९मध्ये पहिल्यांदा स्वतंत्र कारवाया केल्या. त्यात लास वेगासमध्ये घोड्यावरून सफर घडवणारी एक कंपनीही होती. तिच्या करारातही असेच कलम होते.

उपकरण तुमचे, पण चावी कोणाकडे?

दंडाची गरज पडू नये अशी सोय तंत्रज्ञानाने करून दिली आहे. एप्रिल २०१७मधील 'गॅरेजेट'चे प्रकरण त्याचा नमुना. गॅरेजचा दरवाजा मोबाइलवरून उघडणारे-मिटणारे हे छोटे उपकरण लोकवर्गणीतून बाजारात आले होते. एका ग्राहकाच्या आयफोनवर अॅप नीट चालेना. त्याने चिडून, बऱ्यापैकी उद्धट भाषेत कंपनीकडे तक्रार केली आणि अॅमेझॉनवर एक तारा दिला. उत्पादकाने उत्तर दिले : वस्तू परत करा, पैसे घ्या; तोवर तुमच्या उपकरणाची सर्व्हरशी जोडणी बंद.

तांत्रिकदृष्ट्या हे अगदी सोपे असते. अशा उपकरणात वायफायची चिप आणि रिले असतो, पण फोनवरून आलेली आज्ञा आधी कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून उपकरणाकडे येते. प्रत्येक उपकरणाला स्वतःचा क्रमांक असतो. तो क्रमांक सर्व्हरवरील नकार-यादीत टाकला की भिंतीवरचे यंत्र सुस्थितीत असूनही निरुपयोगी होते. जगभरातून टीका झाल्यावर उत्पादकाने आपली चाल प्रसिद्धीच्या दृष्टीने शहाणपणाची नव्हती, हे मान्य केले. ग्राहकाची भाषा वाईट होती, यात वाद नाही. पण ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच हाती शिक्षेचे बटण, हे या सगळ्या 'स्मार्ट' वस्तूंचे वास्तव आहे. कॅमेरा असो, दिवा असो वा कुलूप.

गेमच्या दुनियेत काय घडले?

व्हिडीओ गेमच्या क्षेत्रात टीका आणि टीकेवरचा राग दोन्ही टोकाचे असतात. ऑक्टोबर २०१३मध्ये 'टोटलबिस्किट' या नावाने प्रसिद्ध असलेले समीक्षक जॉन बेन यांनी 'डे वन : गॅरीज इन्सिडेंट' या गेमची यूट्यूबवर चिरफाड केली. निर्माते 'वाइल्ड गेम्स स्टुडिओ' यांनी स्वामित्व हक्काचा दावा करून तो व्हिडीओ उतरवायला लावला. वास्तविक परीक्षणासाठी गेमची प्रत त्यांनीच दिली होती. यूट्यूबवर असे तीन दावे झाले की अख्खे चॅनल बंद होऊ शकते, त्यामुळे हा इशारा क्षुल्लक नव्हता. गदारोळानंतर दावा मागे घेतला गेला.

'डिजिटल होमिसाइड' ही कंपनी आणखी पुढे गेली. आपल्या गेमवर सडकून टीका करणारे समीक्षक जिम स्टर्लिंग यांच्यावर तिने मार्च २०१६मध्ये सुमारे एक कोटी डॉलरचा दावा लावला. मग 'स्टीम' या गेमविक्री मंचावरील १०० अनामिक वापरकर्त्यांवर दावा केला आणि त्यांची ओळख मिळावी अशी मागणी न्यायालयात केली. सप्टेंबर २०१६मध्ये स्टीमची मालक 'व्हॉल्व्ह'ने या कंपनीचे सगळे गेम विक्रीतून काढून टाकले. ग्राहकांशी वैर धरणाऱ्याशी व्यवहार नको, ही भूमिका. स्टर्लिंग यांच्यावरील दावाही फेब्रुवारी २०१७मध्ये कायमचा निकाली निघाला.

स्टीमची रचना या विषयात मुद्दाम पाहण्यासारखी आहे. गेमच्या पानावरील चर्चेचे नियंत्रण निर्मात्याकडे असते; नको असलेला विषय तो पुसू शकतो, लिहिणाऱ्याला बाहेर काढू शकतो. पण खरेदीदाराने दिलेला अभिप्राय त्याला पुसता येत नाही. फार तर 'आक्षेपार्ह' अशी खूण करता येते, निर्णय व्हॉल्व्ह घेते. या फरकाचा परिणाम मे २०२४मध्ये दिसला. 'हेलडायव्हर्स २' खेळण्यासाठी सोनीचे खाते सक्तीचे करण्याची घोषणा होताच काही दिवसांत दोन लाखांहून अधिक नकारात्मक अभिप्राय आले. सोनीने सक्ती मागे घेतली. ते अभिप्राय पुसण्याची सोय सोनीकडे असती तर काय झाले असते, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

अर्थात प्रत्येक पुसलेला मजकूर म्हणजे मुस्कटदाबी नव्हे. शिवीगाळ, जाहिराती, कोणाचा फोन नंबर उघड करणे हे काढलेच पाहिजे. टोळीने येऊन गेमशी संबंध नसलेल्या रागापोटी दिलेले शेरे व्हॉल्व्हनेही २०१९पासून सरासरी गुणांतून वगळायला सुरुवात केली. मात्र ते पुसले जात नाहीत, फक्त मोजले जात नाहीत.

काहीही न पुसता टीका लपवता येते का?

येते, आणि ही पद्धत सर्वांत शांत आहे. 'फॅशन नोव्हा' या कपडे विकणाऱ्या कंपनीच्या संकेतस्थळावर चार-पाच ताऱ्यांचे अभिप्राय आपोआप झळकत, त्याखालचे मंजुरीसाठी अडकून राहत. मंजुरी कधी दिलीच जात नसे. २०१५च्या अखेरीपासून नोव्हेंबर २०१९पर्यंत हे चालले. २०२२मध्ये कंपनीने ४२ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. ऑक्टोबर २०२४पासून अमेरिकेत लागू झालेल्या नियमानुसार, निवडक अभिप्रायच सर्व अभिप्राय असल्याचे भासवणे आणि धमकावून टीका काढायला लावणे दंडास पात्र आहे.

भारतात ग्राहकाला संरक्षण आहे का?

अमेरिकेसारखा केवळ अभिप्रायाच्या हक्कासाठीचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२मध्ये 'आयएस १९००० : २०२२' हे ऑनलाइन अभिप्रायांचे मानक आणले. अभिप्राय गोळा कसे करावेत, तपासावेत आणि प्रसिद्ध करावेत, हे त्यात आहे. पण ते आले ते ऐच्छिक म्हणून. सक्तीचा प्रस्ताव ग्राहक व्यवहार विभागाने २०२४मध्ये मांडला. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार विक्रेत्याने स्वतःच ग्राहक असल्याचे भासवून अभिप्राय लिहिण्यास मनाई आहे. याच नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात निवारण करणे अपेक्षित आहे.

'क्लिअरगिअर'सारखे कलम करारात आढळले, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातील 'अनुचित करार' ही तरतूद उपयोगी पडू शकते. अशा कराराविरुद्ध राज्य ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. सुरुवातीच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

कंपन्यांकडून बहुधा धमकी येते ती बदनामीच्या नोटिशीची. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतील आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६मधील तरतूद इथे वाचून ठेवावी. मजकूर नुसता खरा असून भागत नाही, तो सार्वजनिक हिताचाही असावा लागतो. मात्र समोरच्याच्या किंवा लोकांच्या भल्यासाठी सद्हेतूने दिलेला सावधगिरीचा इशारा, हा त्या कलमातील स्वतंत्र अपवाद आहे. म्हणूनच 'कंपनी चोर आहे' असे लिहिण्याऐवजी ऑर्डरची तारीख, बिघाड, कंपनीचे उत्तर आणि बिलाचा फोटो एवढेच लिहिलेले बरे. स्क्रीनशॉट मात्र आधी काढून ठेवावा.