कहाणी न सांगण्याची मुभा

फ्रान्समधून इंग्लंडला जाणाऱ्या माणसाला ब्रिटनची सीमा फ्रान्सच्या जमिनीवरच गाठते. २००३च्या करारानंतर ब्रिटिश अधिकारी थेट कॅले बंदरात कागद तपासू लागले आणि समुद्रापलीकडे निघालेले लोक अलीकडेच अडकले. २०१५ साली बंदराजवळच्या रेताड माळावर सुदान, सीरिया, अफगाणिस्तान, इरिट्रियातून आलेल्या हजारोंची वस्ती उभी राहिली. सगळे तिला ‘जंगल’ म्हणत. ताडपत्र्या, फळ्या, चिखल आणि त्यातच मशिदी, चर्च, खानावळी.

जो मर्फी आणि जो रॉबर्टसन या तरुण ब्रिटिश नाटककारांनी तिथं घुमटासारखा तंबू ठोकला, ‘गुड चान्स’ नावाचं थिएटर काढलं. गाणी, नाच, नाटुकली सुरू झाली. २०१६च्या फेब्रुवारीत लंडनच्या ग्लोब थिएटरनं ‘हॅम्लेट’चा प्रयोगही छावणीत केला.

मला या घुमटाचं मोल वेगळ्याच कारणासाठी वाटतं. निर्वासिताला जन्मभर आपली कहाणी सांगावी लागते: अधिकाऱ्याला, वकिलाला, पत्रकाराला. तपशील जुळले नाहीत की आश्रयाचा अर्जच धोक्यात येतो. घुमटात ढोल वाजवायला कुणाला आपली कहाणी सांगावी लागत नव्हती.

ऑक्टोबर २०१६मध्ये छावणी पाडली. पुढच्या वर्षी लंडनच्या यंग व्हिक थिएटरमध्ये मर्फी-रॉबर्टसन यांचं ‘द जंगल’ हे नाटक आलं. दिग्दर्शक स्टीफन डॉल्ड्री आणि जस्टिन मार्टिन. रंगमंचच नाही, प्रेक्षक छावणीतल्या अफगाणी खानावळीत बाकांवर बसतात, समोर नान येतो, नट टेबलांवरून धावतात. काही नट स्वतः ‘जंगल’मध्ये राहून आलेले. वेस्ट एंडच्या प्लेहाउसमध्ये हे नाटक गेलं तेव्हा वरच्या सज्जाला समोरच्या इंग्लिश किनाऱ्यावरून नाव दिलं ‘डोव्हरचे कडे’. तिथून प्रेक्षकानं छावणीकडे बघायचं, इंग्लंडनं बघितलं तसं. हा बोचरा हिशेब मला संवादांइतकाच महत्त्वाचा वाटतो. न्यूयॉर्कच्या प्रयोगांसाठी इराण आणि सीरियाच्या नटांना अमेरिकेच्या प्रवासबंदीतून खास सवलत मिळवावी लागली.

याच नाटकातल्या अमल या चिमुकलीवरून दक्षिण आफ्रिकेच्या हँडस्प्रिंग या बाहुल्यांच्या कंपनीनं साडेतीन मीटर उंचीची बाहुली घडवली. जुलै २०२१मध्ये सीरियाच्या सीमेजवळच्या गाझिआन्तेपहून निघून सुमारे आठ हजार किलोमीटरचा प्रवास करत ती नोव्हेंबरच्या सुरुवातीला मँचेस्टरला पोचली. ती बोलत नाही. कहाणी ऐकून मग दया करायची, ही सोय तिनं समोरच्याला ठेवली नाही. आधी तिचं स्वागत करायचं की नाही ते ठरवायचं. कित्येक गावांत मुलं तिला भेटायला धावली. ग्रीसमधल्या लारिसात काहींनी दगड मारले.

त्याच नोव्हेंबरच्या २४ तारखेला फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लंडकडे निघालेल्यांची हवा भरलेली नाव समुद्रात बुडाली. किमान २७ जण गेले. त्यांत मुलंही होती.