इंजिन बदलले, धुराच्या पाईपाचे काय?

विहीर-बागायतीत वीजपंपांचा पुष्कळ प्रसार झाला आहे. तरीही जेथे वीज पोहोचलेली नाही, किंवा पिकाला पाणी हवे त्या वेळी ती मिळत नाही, तेथे डिझेल इंजिन हाच शेतकऱ्याचा आधार असतो. जुने इंजिन झिजले की त्याच्या जागी नवे येते. चौथरा जुना, पंप जुना आणि भिंतीतून बाहेर गेलेला धुराचा पाईपही जुनाच राहतो. चौथऱ्याचे बोल्ट जुळतात की नाही, हे मिस्त्री काळजीपूर्वक पाहतो, पुलीही बदलतो. धुराच्या पाईपाकडे मात्र सहसा कोणाचे लक्ष जात नाही. इंजिनाचे तोंड दोन इंची आणि भिंतीतील पाईप दीड इंची असला, तर मध्ये रिड्यूसर बसवून वेळ भागविली जाते. पुढे इंजिन काळा धूर ओकू लागते, डिझेल अधिक खाते, आणि दोष मात्र इंजिनाच्या माथी मारला जातो.

अरुंद पाईपाने काय होते?

इंजिन जितकी हवा आत घेते, तितकी जळून तापलेली हवा त्याला बाहेर टाकावी लागते. वाट अरुंद असेल तर हा वायू मागे दाटतो व दट्ट्यावर उलट दाब येतो. दट्ट्याची काही शक्ती धूर ढकलण्यातच खर्ची पडते. शिवाय जळका वायू पूर्णपणे बाहेर न गेल्याने सिलिंडरमध्ये ताज्या हवेला जागा कमी पडते. हवा कमी आणि डिझेल तितकेच, म्हणजे ज्वलन अपुरे. काळा धूर तो हाच. धुराचा व्हॉल्व्ह अधिक तापून लवकर खराब होतो, इंजिनाचे फेरे उतरतात आणि पंपाचे पाणी कमी होते.

आकारमानावर जाऊ नये

इंजिन केवढे दिसते, यावरून पाईप ठरवू नये. ते दर मिनिटाला किती हवा घेते, यावरून ठरवावा. याचा हिशेब सोपा आहे. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा घेते. म्हणून सिलिंडरचे आकारमान लिटरमध्ये घेऊन त्याला मिनिटाच्या फेऱ्यांच्या निमपटीने गुणावे.

लिस्टर पद्धतीचे सहा अश्वशक्तीचे जुने संथ इंजिन पाहा. त्याचा सिलिंडर सुमारे १.४३ लिटरचा व फेरे मिनिटाला ६५०. १.४३ ला ३२५ ने गुणले असता सुमारे ४६५ लिटर हवा येते. आता त्याच्या जागी आलेले सात अश्वशक्तीचे, १५०० फेऱ्यांचे इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ८७.५ मि.मी. व दट्ट्याची धाव ११० मि.मी. असेल, तर आकारमान केवळ ०.६६ लिटर भरते. परंतु ७५० ने गुणताच उत्तर सुमारे ४९५ लिटर येते. म्हणजे सिलिंडर निम्म्याहून लहान असूनही नवे इंजिन जुन्याहून थोडा अधिकच धूर सोडते. 'इंजिन लहान आले, आता सव्वा इंची पाईपही पुरेल' हा समज म्हणूनच चुकीचा आहे.

सहाच्या जागी दहा अश्वशक्तीचे दोन सिलिंडरांचे इंजिन बसविले, तर फरक फार मोठा होतो. ८० मि.मी. व्यासाचे व ११० मि.मी. धावेचे दोन सिलिंडर १५०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ८३० लिटर हवा घेतात. बाहेर पडताना वायू तापलेला असतो. ४०० अंश सेल्सिअसला तो फुगून दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १,८५० लिटर होतो. दीड इंची पाईपात त्याचा सरासरी वेग सेकंदाला २३ मीटरांच्या पुढे जातो. दोन इंची पाईपात तो १४ मीटरांच्या आसपास राहतो. जुन्या सहा अश्वशक्तीच्या इंजिनाचा वेग दीड इंची पाईपात जवळजवळ एवढाच होता. म्हणून या इंजिनाला दोन इंची पाईप द्यावा.

पाईपाचा व्यास निम्मा केला तर वाट एकचतुर्थांश उरते. आणि तितकाच वायू त्यातून न्यावयाचा झाल्यास अडथळा सुमारे बत्तीसपट होतो. अर्ध्या इंचाची काटकसर किती महाग पडते, हे यावरून ध्यानात येईल.

लांबी व बाक

इंजिनाच्या धुराच्या तोंडाला जो व्यास कारखान्याने दिला आहे, त्याहून बारीक पाईप कधीही जोडू नये. पाईप सुमारे तीन मीटरांहून लांब न्यावयाचा असेल, तर एक माप मोठा घ्यावा. प्रत्येक एल्बो हा पाईपाच्या व्यासाच्या सुमारे तीसपट सरळ लांबीइतका अडथळा करतो. दीड इंची पाईपात एक एल्बो म्हणजे जवळजवळ सव्वा मीटर पाईप. सहा मीटर पाईपात तीन एल्बो घातले, तर इंजिनाला तो साडेनऊ मीटरांहून अधिक लांब भासतो. म्हणून वळणे कमी व मोठ्या गोलाईची ठेवावीत.

याउलट, गरजेहून फार मोठा पाईप घेतल्याने शक्ती वाढत नाही. वजन व खर्च वाढतो. शिवाय वायू पाईपात लवकर थंड होऊन पाणी व काजळी साचते.

जोडणी करताना

पाईपाचे वजन इंजिनावर टाकू नये. त्यास भिंतीचा किंवा छताचा आधार द्यावा व इंजिनाजवळ लवचीक जोड बसवावा, म्हणजे कंपनाने फ्लँज तडकत नाही. इंजिनाजवळच्या तप्त भागात जस्त चढविलेला पाईप न वापरता साधा काळा पाईप वापरावा. बाहेरच्या उभ्या पाईपाच्या तळाशी पाणी काढण्यासाठी प्लग ठेवावा आणि वरच्या तोंडावर पावसापासून बचावासाठी टोपी बसवावी. गवती छप्पर, वासे व कडबा यांपासून पाईप दूर असावा. दोन इंजिनांचे पाईप एकत्र जोडू नयेत. बंद असलेल्या इंजिनात चालू इंजिनाचा धूर शिरतो. जुना सायलेन्सर काजळीने कोंदलेला असतो. तो नव्या इंजिनास लावू नये.

विहिरीतील धोका

पाणी खाली गेले की पंपाला ते ओढता यावे म्हणून काही ठिकाणी इंजिनच विहिरीत, टप्प्यावर उतरविले जाते. येथे प्रश्न डिझेलच्या खर्चाचा उरत नाही, जिवाचा होतो. इंजिनाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला रंग नाही, वास नाही. केरोसीन किंवा पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनात तो फार अधिक असतो. परंतु बंदिस्त जागेत डिझेल इंजिनही सुरक्षित नाही. डोके दुखणे, मळमळणे, भोवळ येणे, पायांतील बळ जाणे ही त्याची लक्षणे होत.

कंदील सोडून पाहण्याची रीत गावोगावी आहे. कंदील विझला तर आत प्राणवायू कमी आहे एवढे कळते. पण तो जळत राहिला म्हणून विषारी वायू नाही, असे मुळीच सिद्ध होत नाही. खाली कोणी बेशुद्ध पडल्यास त्याच्यामागे दुसऱ्याने उतरू नये. अशा वेळी वाचवावयास गेलेल्यांचेही बळी जातात. वरून शक्य असल्यास इंजिन बंद करावे, दोर बांधलेला असल्यास त्याने माणसाला वर ओढावे, मोकळ्या हवेत न्यावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. अग्निशमन दल जवळ असल्यास त्यासही कळवावे.

इंजिन विहिरीत उतरवूच नये, हा उत्तम मार्ग होय. ते काठावर ठेवून जेट पंप वापरता येतो. वीज असल्यास पाण्यात बुडणारा पंप बसवावा. कितीही लांब धुराचा पाईप काठावर आणला, तरी एखादा जोड सुटला की सर्व धूर विहिरीतच कोंडतो, हे विसरू नये.

दोष कोठे आहे?

नवे इंजिन पूर्ण भाराने अर्धा तास चालवून पाहावे. धूर काळा येत असेल तर इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, लांब पाईप सायलेन्सरपासून सोडवावा, इंजिनघराची दारे-खिडक्या सताड उघडाव्यात व काही मिनिटे पुन्हा त्याच भाराने चालवावे. या वेळी आत कोणी थांबू नये, बाहेरूनच पाहावे. धूर निवळला व फेरे सावरले, तर दोष पाईपाचा समजावा. धूर तसाच राहिला, तर हवेची जाळी, इंजेक्टर किंवा पंपाचा जादा भार तपासावा.

गावपातळीवर काम करणाऱ्यांनी नव्या इंजिनाची पाहणी करताना चार गोष्टी अवश्य पाहाव्यात: पाईपाचा व्यास, त्याची लांबी, त्यातील बाक आणि त्याचे बाहेरचे तोंड. हे तोंड इंजिनघराच्या खिडकीपासून, घरापासून व विहिरीच्या काठापासून दूर, मोकळ्या हवेत असले पाहिजे. नव्या इंजिनाच्या किमतीपुढे योग्य पाईपाचा खर्च अल्प आहे. इंजिन खरेदीच्या अंदाजपत्रकातच तो धरावा, म्हणजे पुढे डिझेलच्या रूपाने तो पुन्हा पुन्हा भरावा लागणार नाही.