झाडू जरा बाजूला ठेवा!

आमच्या सोसायटीत देशी बदामाच्या झाडावरून दोन तट आहेत. एक तट म्हणतो, गाड्यांवर पानं पडतात, फांद्या छाटा. दुसऱ्या तटात मी आणि चौथ्या मजल्यावरची सहा वर्षांची एक मुलगी, एवढेच. जानेवारी लागला की सकाळी आम्ही दोघं खाली उतरतो आणि लाल पानं वेचतो. झाडलोट करणाऱ्या मावशी तेवढ्यापुरता झाडू भिंतीला टेकवतात. "काका, आटपा बरं. दहाच्या आत अंगण लख्ख दिसलं पाहिजे."

परवा सापडलेलं पान वीतभर लांब होतं. मधोमध शेंदरी, टोकाला जांभळट, शिरा पिवळ्या आणि एका कडेला रुपयाएवढा हिरवा डाग तसाच राहिलेला. एका पानावर चार रंग, आणि ते निघालं होतं कचऱ्याच्या डब्यात! तेव्हापासून पाचोळ्याविषयी जे जे गोळा केलं, ते हे असं.

पान गळत नाही, झाड ते टाकतं

वादळात मोडून लोंबकळणारी फांदी आठवा. तिची पानं वाळून कोळ होतात, पण गळत नाहीत. कारण पान गाळणं हे जिवंत झाडाचं काम आहे. देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर असतो. पान तरुण असतं तोवर त्यातून ऑक्सिन नावाचं संप्रेरक येत राहतं आणि देठ घट्ट राहतो. पान म्हातारं झालं की ऑक्सिन आटतं, इथिलीनचा जोर वाढतो, त्या थरातल्या पेशी एकमेकींना सोडतात आणि पुढचं काम वारा करतो. हे इथिलीन म्हणजे तेच, जे अढीतल्या आंब्याला पिकवतं.

झाड चिक्कूही असतं. पान सोडण्याआधी त्यातलं नत्र आणि स्फुरद जमेल तेवढं परत ओढून घेतं. घर सोडताना भाडेकरू पंखे-दिवे काढून नेतो तसं. मग जखमेवर बुचासारखा थर चढवून ती बंद करतं. पटत नसेल तर देवचाफ्याची जाड फांदी बघा. तिच्यावरचे सगळे वण म्हणजे एकेका गळलेल्या पानाची जागा.

पिवळा जुना, लाल नवा

पिवळा रंग पानात पहिल्यापासून असतोच. हिरव्या हरितद्रव्याखाली तो दबलेला असतो आणि हिरवा उतरला की दिसतो. लालाचं तसं नाही. तो बहुतेक झाडं अखेरच्या दिवसांत मुद्दाम नव्याने बनवतात. टाकायच्या पानावर एवढा खर्च कशाला? यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पानातला ऐवज परत ओढून होईपर्यंत त्याला कडक उन्हापासून जपायला, असं काहींचं म्हणणं. मला ते पटतं, कारण त्यात झाडाचा चिक्कूपणा शाबूत राहतो.

आपला ऑक्टोबर माघात येतो

अमेरिकेतले भाचे-पुतणे ऑक्टोबरात 'फॉल कलर्स'चे फोटो पाठवतात, तेव्हा इथे घामाच्या धारा लागलेल्या असतात. आपली पानगळ शिशिरातली, माघ-फाल्गुनातली. तिकडचं झाड थंडीपायी पानं टाकतं, आपल्याकडचं बहुधा पाण्याच्या काटकसरीसाठी. पान म्हणजे पाणी उडून जायची वाट; जमिनीतली ओल उतरली की ती वाटच बंद!

त्यातून एक उलटी गंमत होते. आपल्या रानात फाल्गुनात जो लाल झगझगाट दिसतो, तो पुष्कळदा कोवळ्या पालवीचा असतो. कुसुमाचं झाड लांबून पेटल्यासारखं दिसतं, जवळ जाऊन पाहावं तर सगळी नवी पानं. आंब्याची तांबूस पालवी त्याच घराण्यातली. पळस, पांगारा आणि काटेसावर आणखी हुशार: आधी पानं उतरवायची, मग फुलायचं, म्हणजे पाखरांना फुलं शोधायला आडपडदा नको.

मुंजा आणि वहीतलं पान

पिंपळाच्या पानाचा देठ चांगला लांब असतो. त्यामुळे बाकीची झाडं गपगार उभी असतानाही पिंपळ सळसळतो. रात्री वारा नाही आणि वर काहीतरी हलतंय म्हटल्यावर तिथे मुंजाला बिऱ्हाड देण्यावाचून आपल्या पूर्वजांना गत्यंतर नव्हतं.

दुसरा भ्रम माझा स्वतःचा. पिंपळपान वहीत ठेवलं की जाळी पडते, या भरवशावर मी आख्खी चौथी काढली. वहीत पान नुसतं सुकतं. जाळी हवी तर ते दोन-चार आठवडे पाण्यात कुजवायचं, मधूनमधून पाणी बदलायचं आणि गर सुटला की मऊ ब्रशने हलकेच काढून टाकायचा. शिरांमध्ये लाकडासारखं चिवट लिग्निन असतं, म्हणून त्या तेवढ्या उरतात. एक इशारा: बादलीला वास सुटतो. आमच्याकडे ती गॅलरीतून गच्चीवर आणि गच्चीवरून थेट कुंपणापाशी हद्दपार झाली.

माशांचा काढा

मावशी जी बदामाची पानं पोत्यात कोंबतात, तीच वाळवून पाकिटातून विकली जातात. गिऱ्हाईक कोण, तर बेट्टा मासे पाळणारे. टाकीत पान टाकलं की त्यातलं टॅनिन उतरतं, पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि त्या माशांना असलं पाणी मानवतं. हे सेक्रेटरींना सांगू नये. फांद्या छाटायचं रद्द होईल, पण पानांना दर लागेल.

पानांची भजी

ओव्याच्या पानांची भजी आपण खातो. जपानात ओसाकाजवळच्या मिनो गावात मेपलच्या पानांची तळतात. पानं वर्षभर मिठात मुरवायची, मग गोडसर पिठात बुडवून कढईत सोडायची. त्याच देशात रंगलेली पानं बघत हिंडण्याला 'मोमिजीगारी' असा खास शब्द आहे, शब्दशः पानांची शिकार. शिकार म्हटल्यावर तळणं आलंच.

गांडुळाला टोक कळतं

चार्ल्स डार्विनने १८८१ साली, मरणाच्या जेमतेम सहा महिने आधी, शेवटचं पुस्तक काढलं ते गांडुळांवर. गांडुळं पानं ओढून बिळाचं तोंड बुजवतात, पण पान धरतात कुठून, हे बघायला त्याने बिळात ओढलेली २२७ वाळकी पानं उपसून काढली. त्यातली १८१ टोकाकडून ओढलेली निघाली. निमुळती बाजू आधी घातली की पान अडकत नाही, हे डोळे नसलेल्या प्राण्याला उमगलेलं! समाधान झालं नाही म्हणून त्याने कागदाचे त्रिकोण कापून तेही बागेत टाकले. त्यांतलेही बरेचसे टोकाकडूनच आत गेले.

पान की पाखरू?

सह्याद्रीत ब्लू ओकलीफ नावाचं फुलपाखरू आहे. पंख मिटले की हुबेहूब वाळकं पान, मधली शीर आणि देठासकट. उघडले की निळंभोर, वर पांढरट पट्टा. रातवा पक्षी तर घरटं बांधायच्या भानगडीतच पडत नाही, अंडी सरळ जमिनीवर पाचोळ्यात घालतो आणि वर स्वतः पाचोळा होऊन बसतो. कुंपणाशी कलकलाट करणारे सातभाईही उगीच भांडत नसतात. एकेक पान उलटून खालचे किडे टिपणं चालू असतं. पानं झाडली की त्यांचं ताट उचललं.

पळसाला पानं किती?

तीनच, असं म्हण सांगते. वनस्पतिशास्त्र सांगतं, त्या तीन पर्णिका, आणि तिन्ही मिळून पान एक. म्हण बदलायला अर्थात कोणी तयार होणार नाही. पत्रावळ लावणाऱ्याला तर तो हिशेब नकोच, त्याला पर्णिका रुंद हवी आणि चोय बारीक.

कोकणात पाचोळ्याला पातेरा म्हणतात आणि त्याला मान आहे. भाताच्या रोपासाठी जमीन भाजायची तर राबात कवळ आणि शेणाबरोबर पातेरा हवाच. शहरात मात्र पानांचा ढीग दिसला की हात काडेपेटीकडे जातो. राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला २०१६ मध्ये पाच हजार रुपयांचा दंड ठरवला, तरी माघातली सकाळ बऱ्याच गल्ल्यांत धुरकटच उगवते. खरं तर ओल्या कचऱ्याचं खत करताना वास येतो तो सुक्या पानांची कमतरता असते म्हणून. भाजीच्या देठांत नत्र, वाळक्या पानांत कर्ब. दोघांची थरावर थर गाठ घातली की पिंप गप्प बसतं.

आमच्या कोपऱ्यात गेल्या वर्षी बरीच घासाघीस करून जाळीचा एक पिंजरा बसला. मावशी आता पोत्यांऐवजी त्यातच पानं ओततात. पावसाळ्यानंतर तळाशी काळंभोर, भुसभुशीत खत निघालं. पहिली पिशवी भरून नेली ती फांद्या छाटा म्हणणाऱ्या तटाच्या म्होरक्याने. कुंडीतला कढीपत्ता मरगळलाय म्हणे. काल त्यांनी मला जिन्यात गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "यंदा बदाम जरा कमीच गळतोय, नाही?"