खळ, साखर आणि विकरें

भाकरीचा घास बराच वेळ चावीत राहिल्यास तो हळूहळू गोड लागूं लागतो, हा अनुभव सर्वांच्या परिचयाचा आहे. भाकरींत साखर घातलेली नसते. ती तोंडांतच तयार होते. लाळेमध्यें अमायलेज नांवाचें एक द्रव्य असतें, आणि तें पिठांतील स्टार्चच्या लांब साखळ्या तोडून त्यांचे साखरेसारखे लहान तुकडे करतें. अशा द्रव्यांना शास्त्रज्ञ एंझाइम म्हणतात; मराठींत त्यांना विकर हें नांव रूढ झालें आहे. हेंच काम आम्लानें करावयाचें झाल्यास स्टार्च आम्लांत बराच वेळ उकळावा लागतो. तोंडांत तें देहाच्या उष्णतेवर बिनबोभाट होऊन जातें. विकरांना कारखान्यांत स्थान मिळालें तें ह्याच गुणामुळें.

कापडाच्या धंद्यांत ह्या गुणाचा उपयोग कसा होतो तें पाहण्याजोगें आहे. मागावर ताण्याच्या उभ्या धाग्यांना सतत ताण आणि घर्षण सोसावें लागतें. ते तुटूं नयेत म्हणून विणण्यापूर्वीं त्यांना खळ देतात. हातमागाचे विणकर ह्या कामास पांजण म्हणत. इचलकरंजी, भिवंडी, मालेगांव येथील यंत्रमागवाले त्यालाच सायझिंग म्हणतात. खळ बहुधा स्टार्चची असते. कापड विणून झालें कीं जी खळ उपकारक होती तीच अडचणीची होते. ती पाणी व रंग आंत मुरूं देत नाहीं. म्हणून कापड रंगविण्यापूर्वीं ती संपूर्ण काढून टाकावी लागते.

पूर्वीं ह्यासाठीं दोन मार्ग होते. ओलें कापड दिवसभर तसेंच ठेवून खळ आंबूं द्यावयाची, हा एक. आणि कापड पातळ आम्लांतून काढावयाचें, हा दुसरा. पहिल्या मार्गांत वेळ जाई व कापडावर बुरशीचे डाग पडण्याची भीति असे. दुसऱ्या मार्गाचा दोष याहून खोल होता. कापसाचा तंतु सेल्युलोजचा बनलेला असतो. सेल्युलोज आणि स्टार्च ह्या दोन्ही ग्लुकोजच्याच साखळ्या होत. भेद एवढाच कीं, एका कडीला दुसरी कडी जोडणाऱ्या सांध्याची ठेवण दोहोंत निराळी असते. आम्लाला हा भेद कळत नाहीं. तें खळीबरोबर कापसावरही घाव घालतें, आणि थोडीशी चूक झाली तरी कापड कमकुवत होतें. अमायलेजला मात्र फक्त स्टार्चचाच सांधा तोडतां येतो. जर्मन रसायनशास्त्रज्ञ एमिल फिशर यानें १८९४ सालीं ह्या निवडक वृत्तीला कुलूप आणि किल्ली यांची उपमा दिली. आपलें कुलूप सोडून दुसऱ्याला ही किल्ली लागत नाहीं. म्हणूनच खळ सुटते आणि कापूस शाबूत राहतो.

ही किल्ली माणसाच्या हातीं क्रमाक्रमानें आली. १८३३ सालीं पायां व पेर्सो या दोन फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांनीं मोड आलेल्या बार्लीपासून स्टार्च विरघळविणारें द्रव्य वेगळें केलें आणि त्याला डायास्टेज हें नांव दिलें. मोड आलेल्या नाचणीच्या पिठाची पेज साध्या पिठाच्या पेजेपेक्षां पातळ राहते, तीही ह्याच जातीच्या विकरामुळें. तथापि विकराचें कार्य जिवंत पेशीवांचून होतें कीं नाहीं, याविषयीं पुष्कळ वर्षें वाद चालला होता. १८९७ सालीं एडुआर्ड बुखनर यानें यीस्टच्या पेशी वाळूबरोबर चिरडून त्यांचा रस गाळला, आणि एकही जिवंत पेशी नसतां त्या रसानें साखर आंबते असें दाखविलें. तेथें तो वाद मिटला. बुखनरला १९०७ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. दरम्यान ताकामिने या जपानी शास्त्रज्ञानें गव्हाच्या कोंड्यावर बुरशी वाढवून विकर मिळविण्याच्या रीतीचें पेटंट १८९४ सालीं अमेरिकेंत घेतलें होतें; आणि १९१७ सालीं ब्वादँ व एफ्रों यांनीं जीवाणूंपासून अमायलेज काढण्याच्या रीतीचें पेटंट घेतलें. जीवाणूंचें हें अमायलेज अधिक उष्णता सोसणारें असल्यामुळें कापडगिरण्यांना तें सोयीचें ठरलें.

खळीनंतर पाळी येते ती कापसाच्या अंगच्या मेणाची व पेक्टिनची. तीं काढण्यासाठीं कापड कॉस्टिक सोड्यांत उकळण्याची रीत आहे. पेक्टिन तोडणारें विकर हेंच काम सुमारें ५५ ते ६० अंश सेंटिग्रेडवर करतें. मात्र कापसांत राहिलेले सरकीच्या टरफलाचे काळे कण त्याच्यानें जात नाहींत, आणि त्यांचा भार पुढील विरंजनावर पडतो. विरंजन हायड्रोजन पेरॉक्साइडनें होतें. त्याचा अंश कापडांत उरल्यास रंग बिघडतो, म्हणून कापड पुन्हां पुन्हां धुवावें लागे. कॅटालेज हें विकर उरलेल्या पेरॉक्साइडचें पाणी व प्राणवायु करून टाकतें, आणि धुण्याचें पुष्कळ पाणी वांचतें.

जीनच्या कापडाची कथा ह्याच्या उलट आहे. त्याला जुनेपणाची छटा आणण्यासाठीं तें प्यूमिस नांवाच्या सच्छिद्र दगडांबरोबर घुसळीत. दगडांनीं यंत्रें झिजत व गाळ सांचे. १९८० नंतरच्या दशकांत त्याऐवजीं सेल्युलेज वापरूं लागले. हें विकर कापसालाच कुरतडतें, म्हणून त्याला वेळेवर थांबवावें लागतें. तें पुरविणाऱ्या ट्रायकोडर्मा रीसाय ह्या बुरशीचा मूळ वाण दुसऱ्या महायुद्धांत सॉलोमन बेटांवर, अमेरिकन सैन्याच्या कुजणाऱ्या सुती तंबूवर सांपडला होता. कापडाचा हा शत्रु पुढें कापडाच्याच धंद्यांत कामास लागला.

खाद्यपदार्थांच्या धंद्यांतही हाच क्रम दिसतो. १८११ सालीं किर्खोफ यानें स्टार्च आम्लाबरोबर उकळून साखर केली, आणि ती रीत दीर्घकाळ चालली. तींत कडवट चव व तांबूस रंग येई. शिवाय आम्ल मारण्यासाठीं अल्क घालावें लागे व त्याचें मीठ मागें राही. आज मक्याच्या स्टार्चपासून ग्लुकोज करतांना एक अमायलेज साखळ्यांचे तुकडे करतें आणि ग्लुकोअमायलेज त्यांतून शुद्ध ग्लुकोज सोडवितें. चीज करण्यासाठीं वासराच्या जठरांतील रेनेट लागत असे. तेंच विकर सूक्ष्म जीवांकडून तयार करवून वापरण्यास अमेरिकेनें १९९० सालीं परवानगी दिली.

एवढ्यावरून विकरें सर्वथा निरुपद्रवी आहेत असें मात्र समजूं नये. तीं प्रथिनें होत, आणि त्यांची धूळ श्वासाबरोबर आंत गेल्यास कित्येकांना दमा जडतो. धुण्याच्या पावडरींच्या कारखान्यांतील कामगारांना असा विकार झाल्याचें १९६९ सालीं ब्रिटनमध्यें प्रसिद्ध झालें. त्यानंतर विकरांचे धूळ न उडणारे, वेष्टन दिलेले दाणे करण्यांत येऊं लागले.

दुसरी गोष्ट नदीची. विकरानें खळ विरघळते, नाहींशी होत नाहीं. तिची साखर धुण्याच्या पाण्याबरोबर वाहून जाते. तें पाणी शुद्ध न करतां सोडल्यास नदींतील जीवाणु त्या साखरेवर वाढतात, पाण्यांतील प्राणवायु संपवितात आणि मासे गुदमरतात. इचलकरंजीच्या प्रक्रिया-कारखान्यांचें सांडपाणी व पंचगंगेचें प्रदूषण हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाहीं. विकरांमुळें आम्ल व सोडा कमी लागतो, जळण व पाणी वांचतें, आणि कापड टिकतें. हे लाभ खरे आहेत. परंतु गिरणींतून बाहेर पडणारें पाणी शुद्ध करण्याचें काम त्यानें टळत नाहीं. विकर वापरणाऱ्या कारखान्याची परीक्षा कापडाच्या शुभ्रतेबरोबरच त्याच्या सांडपाण्यावरूनही व्हावयास पाहिजे.