नाकारलेल्या दोघींची दुहेरी

१९५६ हे साल उच्चारले की आपल्या डोळ्यांपुढे नागपूरची दीक्षाभूमी उभी राहते. त्या धम्मदीक्षेच्या तीन महिने आधी, लंडनमध्ये विम्बल्डनच्या हिरवळीवर दोन तरुणींनी महिला दुहेरीचे विजेतेपद मिळवले. एक अल्थिया गिब्सन, अमेरिकेतील कृष्णवर्णीय. दुसरी अँजेला बक्सटन, इंग्लंडमधील ज्यू. या दोन घटनांचा थेट संबंध नाही. परंतु ज्यांना दाराबाहेर उभे केले जाते त्यांनी आपली जागा कशी मिळवायची, हा प्रश्न दोन्हीकडे होता. म्हणून चळवळीतल्या माणसाने ही कहाणी समजून घेतली पाहिजे.

अल्थियाचा जन्म १९२७ सालचा, दक्षिण कॅरोलिनातील. आईवडील दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने कापूस पिकवत. पुढे कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये आले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्या शेजारचीच ही वस्ती. तिथल्या रस्त्यावर लाकडी फळीने चेंडू मारत ही मुलगी खेळ शिकली. तिच्या क्लबच्या वर्गणीसाठी शेजाऱ्यांनी पैसे गोळा केले. डॉ. ह्युबर्ट ईटन आणि डॉ. रॉबर्ट वॉल्टर जॉन्सन या दोन कृष्णवर्णीय डॉक्टरांनी तिला घरात ठेवून घेतले, शाळेत घातले, खेळाचे शिक्षण दिले. गोऱ्यांच्या स्पर्धांत प्रवेश नाही म्हणून कृष्णवर्णीयांनी १९१६ साली स्वतःची टेनिस संघटना काढली होती. तिच्या स्पर्धेत अल्थियाने १९४७ पासून सलग १० वर्षे महिला एकेरीचे विजेतेपद राखले. म्हणजे गुणवत्ता होती, पाठीशी समाज होता. बंद होते ते दार.

हे दार कसे बंद ठेवले होते, ते वकील म्हणून मला फार बोलके वाटते. राष्ट्रीय स्पर्धेच्या नियमांत कृष्णवर्णीयांना बंदी असे लिहिलेले नव्हते. परंतु पात्र ठरण्यासाठी आधीच्या स्पर्धांतून गुण मिळवायचे, आणि त्या स्पर्धा बहुतेक फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या क्लबांत भरायच्या. कागद स्वच्छ, व्यवहार अस्पृश्यतेचा! १९५० साली ॲलिस मार्बल या गोऱ्या माजी विजेतीने एका टेनिस मासिकात या ढोंगावर जाहीर टीका केली, तेव्हा अल्थियाला प्रवेश मिळाला. दार उघडले ते नियम बदलून नव्हे, नियमाआडची लबाडी चव्हाट्यावर आणून.

ऑगस्ट १९५५ मध्ये मिसिसिपी राज्यात एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची गोऱ्यांनी निर्घृण हत्या केली. जगभर अमेरिकेची नाचक्की झाली. त्यानंतर काही महिन्यांतच अमेरिकी सरकारने अल्थियाला आशियाच्या सदिच्छा दौऱ्यावर पाठवले. देशात जिला क्लबात पाऊल ठेवू देत नाहीत, ती परदेशात देशाची अब्रू झाकायला मात्र चालते! त्याच दौऱ्यात भारतात तिची अँजेलाशी ओळख झाली. अँजेला तशी सुखवस्तू घरची. तरीही लंडनमधील एका नामांकित क्लबने ज्यू म्हणून तिला सभासदत्व नाकारले होते.

१९५६ च्या फ्रेंच स्पर्धेत दोघींनाही दुहेरीसाठी जोडीदार नव्हती, म्हणून दोघी एकत्र आल्या. एकेरीच्या उपांत्य फेरीत अल्थियाने अँजेलाला हरवले, पुढे अंतिम सामनाही जिंकला. ग्रँड स्लॅम जिंकणारी ती पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. दुहेरीत मात्र त्याच अँजेलासोबत ती विजेती ठरली. स्पर्धा करूनही सोबत राहता येते, हे या दोघींनी दाखवले. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्या ६-१, ८-६ अशा जिंकल्या. एका इंग्रजी वृत्तपत्राने ‘अल्पसंख्याकांचा विजय’ असा मथळा दिला, तोही अगदी बारीक अक्षरांत, असे अँजेला पुढे सांगत असे. मनगटाच्या दुखापतीने तिची कारकीर्द लवकरच संपली. विम्बल्डनच्या क्लबचे सभासदत्व तिला २०२० साली मरेपर्यंत मिळाले नाही.

अल्थियाने १९५७ आणि १९५८ साली विम्बल्डनची एकेरी जिंकली, दुहेरीही जिंकली. राणीच्या हस्ते बक्षीस घेतले, न्यूयॉर्कमध्ये तिची मिरवणूक निघाली. पण हाती पैसा आला नाही. कारण मोठ्या स्पर्धा तेव्हा ‘हौशी’ खेळाडूंच्या होत्या. रोख बक्षीस नव्हते. नियम सर्वांना सारखा. पण वडिलार्जित संपत्ती असणाऱ्याला हौस परवडते, वाट्याने शेती करणाऱ्याच्या मुलीने काय खायचे? उपजीविकेसाठी तिने गाणी गायली, चित्रपटात काम केले, प्रदर्शनी सामने खेळले, गोल्फही खेळली. मोठ्या स्पर्धांत रोख बक्षिसे सुरू झाली ती १९६८ पासून. तोवर तिची उमेद सरली होती.

१९९० च्या दशकात आजार आणि कंगालपणाने ती खचली. १९९५ साली तिने अँजेलाला फोन केला आणि जगणे संपवण्याची भाषा बोलली. अँजेलाने स्वतः मदत केली. एका टेनिस नियतकालिकातून आवाहन गेले आणि जगभरातून सुमारे १० लाख डॉलर जमले. अल्थिया २००३ पर्यंत जगली. तिचा पुतळा अमेरिकी स्पर्धेच्या मैदानात उभा राहिला तो २०१९ साली!

टाळ्या वाजवणारी व्यवस्था तिला जगवू शकली नाही. दुहेरीतल्या जोडीदाराने जगवले. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकीय समता मिळूनही सामाजिक आणि आर्थिक विषमता टिकली तर आपण विसंगतीच्या जीवनात प्रवेश करू. अल्थियाच्या हातातील रिकामी चांदीची ताटली हीच विसंगती सांगते. १९४६ साली बाबासाहेबांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखवले. नाकारलेल्यांनी नाकारलेल्यांना ओळखावे, ही दृष्टी त्यामागे होती.

आपल्या वस्तीतली एखादी मुलगी खेळात चमकली की आपण सत्कार करतो, फोटो काढतो, घरी जातो. दुसऱ्या दिवशी तिचे बूट, तिचा प्रवास, तिचा खुराक कोण पाहतो? हार्लेमच्या शेजाऱ्यांनी आधी वर्गणी काढली, मग टाळ्या वाजवल्या. आपला क्रम उलटा आहे. तो बदलण्यासाठी कोणत्याही क्लबच्या परवानगीची गरज नाही.