मासा मोठा, म्हणून दोरा जाड?

मालवणपासून मुरूडपर्यंत कुठल्याही जेटीवर उभे राहा, हौशी गरवणाऱ्यांच्या तोंडी एक हिशेब हमखास ऐकू येतो. सुरमई दहा-बारा किलोची लागते, म्हणजे दोरा निदान पंचवीस किलोचा हवा. अंगावर काटा आणणारा मासा लागला तर पन्नास किलोचा असलेला बरा. दुकानदारही हेच सांगतो, कारण जाड दोरा महाग असतो आणि तुटल्याची तक्रार घेऊन कोणी परत येत नाही. नवा मुलगा मग आपल्या नाजूक रिळावर 80 पाऊंडाचा तंगूस भरून घरी जातो. त्याची ल्यूर (नकली आमिष) पंधरा मीटरही जात नाही, मासा लागला तर दोरा संपतो आणि दोष मात्र नशिबाला दिला जातो. हा गैरसमज इतका पसरला आहे आणि इतक्या लोकांचा हंगाम वाया घालवतो, की त्याचा एकदा नीट समाचार घेणे भाग आहे.

पहिली गोष्ट, पाण्यातला मासा तराजूवरच्या माशाइतका जड नसतो. माशाच्या शरीराची घनता समुद्राच्या पाण्यापेक्षा किंचितच जास्त असते. सुरमईला तर हवेची पिशवीही नसते. पोहायची थांबली तर ती हळूहळू खाली जाते, पण पाण्यात तिचे वजन खऱ्या वजनाच्या काही टक्केच भरते. म्हणजे दोऱ्यावर येतो तो तिच्या वजनाचा नव्हे, तिच्या धावण्याचा ओढा. आणि हा ओढा दोऱ्यावर किती येऊ द्यायचा, हे मासा ठरवत नाही. ते रिळाचा ड्रॅग ठरवतो.

ड्रॅग म्हणजे रिळातली घर्षणाची तबकडी. तुम्ही ती चार किलोवर लावली असेल, तर ओढा चार किलोच्या वर गेला की रिळ फिरते आणि दोरा सुटत जातो. जगभर पाळला जाणारा साधा नियम असा, की ड्रॅग दोऱ्याच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर लावायचा. 30 पाऊंडाचा, म्हणजे साधारण साडेतेरा किलोचा दोरा असेल तर साडेतीन ते साडेचार किलो. ऐकायला हे फार कमी वाटते. मग एक करून पाहा. रिळातला दोरा रॉडच्या कड्यांतून काढून टोक स्प्रिंगच्या वजनकाट्याला बांधा, काटा खांबाला अडकवा, रॉड वाकवा आणि काट्यावर पाच किलो दिसेपर्यंत ओढून धरा. मिनिटाच्या आत मनगट आणि कंबर दोन्ही बोलू लागतात. हलत्या होडीत, ओल्या फळीवर उभे राहून याहून जास्त ओढा फार वेळ पेलणारे थोडेच असतात. आता सांगा, 80 पाऊंडाचा दोरा भरून ड्रॅग तोच चार किलो ठेवणार असाल, तर उरलेली बत्तीस किलो ताकद कशासाठी विकत घेतली?

कोणाला हे पुस्तकी वाटत असेल, तर विक्रम पाहा. आंतरराष्ट्रीय गेम फिश असोसिएशन, म्हणजे आयजीएफए, 60 किलोपेक्षा (130 पाऊंड) ताकदवान दोऱ्यावर पकडलेला मासा विक्रमासाठी धरतच नाही. त्याच संस्थेच्या यादीत 4 ऑगस्ट 1953 रोजी आल्फ्रेड ग्लासेल यांनी पेरूच्या काबो ब्लांको इथे पकडलेला काळा मार्लिन आहे: 1,560 पाऊंड, म्हणजे 707 किलो. दोऱ्याच्या वर्गाच्या बारा पट मासा! मग दहा किलोच्या सुरमईसाठी पन्नास किलोचा दोरा कुठल्या हिशेबाने लागतो?

‘पण माझा दोरा तुटला, त्याचे काय?’ तुटला असेल, पण माशाच्या वजनाने नव्हे. सगळ्यांत जास्त दोरे होडीच्या काठाशी तुटतात. थकलेला मासा आकड्याने उचलायचा सोडून दोऱ्यानेच वर ओढला जातो. मासा पाण्याबाहेर येताच पूर्ण वजन दोऱ्यावर येते, वर शेवटची उसळी. दुसरे कारण गाठ. साध्या, घाईत मारलेल्या गाठीने दोऱ्याची ताकद जवळपास निम्म्यावर येऊ शकते. गाठ आवळण्याआधी ती थुंकीने ओली केली नाही तर घर्षणाची उष्णता नायलॉनला आणखी कमजोर करते. तिसरे कारण पाणी. नायलॉन पाणी शोषतो आणि ओला झाला की त्याची ताकद घटते. म्हणूनच आयजीएफए दोरा आधी भिजवून मग तपासते.

चौथे कारण कोणी बोलत नाही, आणि ते जाड दोऱ्याने आणखी वाईट होते. ड्रॅगचा ओढा रिळावर उरलेल्या गुंडाळीच्या व्यासावर अवलंबून असतो. भरलेल्या रिळावर तुम्ही चार किलो लावलेत. मासा धावला, दोरा संपत आला आणि गुंडाळीचा व्यास निम्मा झाला, तर बटणाला हात न लावता तोच ड्रॅग आठ किलो होतो. आता 30 पाऊंडाचा मोनो (एकेरी नायलॉन तंगूस) सुमारे 0.55 मिमी जाड असतो, 80 पाऊंडाचा 0.9 मिमीच्या आसपास. ज्या रिळात पहिला 300 मीटर बसतो, तिथे दुसरा जेमतेम 110 मीटर. सुरमईच्या पहिल्याच धावेत रिळाचा तळ दिसू लागतो आणि ड्रॅग दुप्पट होतो. ज्याने ‘सुरक्षित’ म्हणून जाड दोरा घेतला, त्याचा मासा त्या जाडीपायीच जातो.

ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या होडीमागे ल्यूर ओढताना, जाडीचा आणखी एक तोटा आहे. होडी पाच-सहा नॉटने जात असताना मागचा तीस-चाळीस मीटर दोरा पाणी कापत असतो. पाण्याचा विरोध दोऱ्याच्या जाडीबरोबर वाढतो आणि वेगाच्या वर्गाबरोबर तर फारच. खोल जाण्यासाठी बनवलेली ल्यूर जाड दोऱ्यामुळे वरच तरंगत राहते. खोक्यावर सहा मीटर लिहिले आहे, सुरमई तिथेच फिरते आहे, आणि तुमची ल्यूर तिच्या डोक्यावरून जाते.

खडपावरून किंवा खाडीच्या काठावरून कास्टिंग करणाऱ्याला जाडी दुसऱ्या वाटेने नडते. जाड मोनो स्पिनिंग रिळावरून स्प्रिंगसारखे वेटोळे घेत सुटतो, कड्यांवर आपटतो आणि ल्यूरचा वेग खातो. रॉडवर किती ताकदीचा दोरा आणि किती वजनाची ल्यूर हे छापलेले असते. ते शोभेसाठी नसते. हलक्या रॉडवर 80 पाऊंडाचा दोरा लावला की साखळीतला कमजोर दुवा दोरा राहत नाही, रॉड होतो.

जाड दोरा जिथे खरोखर हवा तिथे तो घ्यावाच. गोब्रा लागताच कपारीत शिरतो आणि तिथून त्याला पहिल्या दोन सेकंदांत ओढून काढावे लागते, म्हणून ड्रॅगही घट्ट आणि दोराही भारी. खडकाळ जागी मोठा कोकर अडवायचा असेल तरी तेच. पण तो निर्णय जागेवरून होतो.

या सगळ्याच्या उलट टोकाला नव्या पिढीचा लाडका गैरसमज आहे: ब्रेडेड आला, मोनो संपला. ब्रेडेड दोरा पॉलिथिलीनच्या अतिशय ताकदवान तंतूंचा असतो. 30 पाऊंडाचा ब्रेडेड मोनोच्या जवळपास निम्म्या जाडीचा असतो. कास्टिंगला तो उत्तम आहे, यात वाद नाही. लांब जातो, पाणी शोषत नाही, आणि दूरवरची हलकी टोचही बोटाला कळते. पण तो जवळजवळ ताणलाच जात नाही. चालत्या होडीमागच्या ल्यूरवर सुरमई उलट्या दिशेने वेगात आदळते, तेव्हा तो झटका कुठेतरी जिरायला हवा. नाहीतर गरी जबडा फाडून बाहेर येते. मोनोचा चाळीस मीटर दोरा नुसता पाच टक्के ताणला तरी दोन मीटर देतो. म्हणून ट्रोलिंगला पूर्ण मोनो, किंवा आत ब्रेडेड आणि पुढे वीस-तीस मीटर मोनो, हाच शहाणा मार्ग. आणि कालवांनी भरलेल्या खडकाला ताणलेला ब्रेडेड नुसता टेकला तरी तुटतो. तांबोशी किंवा जिताडा (मालवण-गोव्याकडचा चोणक) कांदळवनाच्या मुळांत गरवायचा असेल तर पुढे जाड लीडर (टोकाला जोडलेला वेगळा दोरा) लागतोच.

उरलेले गैरसमज थोडक्यात.

‘फ्लोरोकार्बन माशाला दिसतच नाही.’ प्रकाशाचा अपवर्तनांक पाण्याचा 1.33, फ्लोरोकार्बनचा सुमारे 1.42, नायलॉनचा 1.5 च्या वर. म्हणजे कमी दिसतो, अदृश्य होत नाही. पावसाळ्यातल्या गढूळ खाडीत तर हा फरक निरर्थक असतो; तिथे त्याचे पैसे द्यायचे ते घासाला टिकतो म्हणून.

‘वायर लावली की सुरमई जवळ येत नाही.’ वेगात ओढलेल्या ल्यूरपुढची वीतभर बारीक वायर तिला थांबवत नाही. वायर नसेल तर मात्र तिचे दात कुठलाही तंगूस कापतात.

‘आठ पदरी ब्रेडेड चार पदरीच्या दुप्पट मजबूत.’ तो गोल आणि गुळगुळीत असतो, कड्यांतून शांत सुटतो; खडकावर घासायचे असेल तर जाड पदरांचा चार पदरीच बरा टिकतो.

‘ब्रेडेड थेट रिळावर गुंडाळावा.’ तो इतका निसरडा असतो की मासा लागल्यावर सगळी गुंडाळीच फिरते आणि तुम्ही ड्रॅग बिघडला म्हणत बसता. खाली मोनोचे काही वेढे घ्या.

‘मोनो वर्षानुवर्षे टिकतो.’ उन्हात पडलेला नायलॉन कमजोर होतो. शेवटचे काही मीटर बोटांतून फिरवून पाहा; खरखरीत लागले तर कापून टाका. कापलेला तुकडा मात्र खिशात घालून घरी आणा, कारण कांदळवनात अडकलेला दोरा बगळ्यांच्या पायांत गुंततो.

‘पाऊंड म्हणजे पाऊंड, सगळ्या कंपन्यांचे सारखेच.’ मुळीच नाही. ‘क्लास’ लिहिलेला दोरा त्या आकड्याला किंवा त्याआधी तुटावा असा बनवलेला असतो, कारण विक्रमासाठी तो वर्ग ओलांडून चालत नाही. ‘टेस्ट’ लिहिलेला सहसा त्याहून जास्त ताकदीचा निघतो. जपानी ब्रेडेडवरचा पीई आकडा तर ताकद सांगतच नाही, जाडी सांगतो: पीई 1 सुमारे 0.165 मिमी, पीई 2 सुमारे 0.235 मिमी. म्हणून दुकानात पाऊंडाआधी मिलिमीटर विचारा आणि ते आपल्या रिळावर व रॉडवर छापलेल्या आकड्याशी ताडून पाहा. खाडीच्या कास्टिंगला पीई 1.5 ते 2 आणि पुढे 30-40 पाऊंडाचा लीडर, सुरमईच्या ट्रोलिंगला 30 पाऊंडाचा मोनो, तीनशे मीटर, आणि टोकाला वायर.