शाळेचे दुसरे दार

१६ जुलै २००४ रोजी तामिळनाडूतील कुंभकोणम येथील शाळेत ९४ बालके आगीत दगावली. स्वयंपाकघरातील आगीने शाकारलेले छप्पर पेटले. वरून उतरावयाचा जिना अरुंद. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांना अग्निशामक साधने व शिक्षकांचे प्रशिक्षण आवश्यक ठरविले.

बेळगावकडील आमच्या सरकारी शाळेतही लाल नळकांडी भिंतीस टांगून आम्ही निश्चिंत झालो होतो. पुढे सराव घेतला, तो मागचे दार उघडेना! चोरीच्या भयाने कुलूप आम्हीच लावविलेले. किल्ली शिपायाच्या खिशात आणि शिपाई टपाल घेऊन तालुक्याला. पहिलीची मुले दाराशी मुकाट उभी होती.

आता रोज प्रार्थनेपूर्वी ते कुलूप काढून किल्ली आम्ही स्वतःजवळ ठेवतो. कडीही खाली आणविली आहे, पहिलीच्या मुलाचा हात पोचेल इतकी.